दोनशे चाळीस प्लेटा आणि एक भोक

दिवाळीच्या आधी घरात चकल्या होतात तेव्हा आजी काय करते ते तुम्ही पाहिले असेलच. कढईतले तेल तापले की ती एकदम सगळा घाणा सोडत नाही. आधी एकच चकली सोडते. मोहन जास्त झाले असेल तर चकली तेलात विरते, कमी पडले असेल तर कडक होते. ती एक चकली ठीक उतरली की मग पुढचे घाणे निश्चिंतपणे पडू लागतात.

आज आपण अशाच एका घाण्याची गोष्ट पाहणार आहोत. मात्र हा घाणा चकल्यांचा नाही, तर यंत्रांच्या ड्रॉइंगचा आहे. आणि आजीची युक्ती येथे कशी फसते, ते पाहण्यासारखे आहे.

समजा, सुटीत तुम्ही मामांच्या कारखान्यात गेला आहात. कारखाना लहानसाच. विजेचे पॅनेल ज्यांवर उभे करतात त्या लोखंडी तळप्लेटा तेथे तयार होतात. काही प्लेटा जेवायच्या पाटाएवढ्या, तर काही घराच्या दाराएवढ्या लांब. एकूण २४० प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराचे ड्रॉइंग संगणकात साठवलेले. मामा म्हणतात, "हे बघ, गिऱ्हाइकाला आता प्रत्येक प्लेटवर अर्थिंगच्या बोल्टसाठी एक जादा भोक हवंय. सगळ्या ड्रॉइंगमध्ये तेवढं दाखवून दे."

भोकाची जागा ठरलेली आहे. प्लेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून आडवे ४० मिलिमीटर आणि उभे २५ मिलिमीटर. व्यास ६ मिलिमीटर. त्याच्या शेजारी, २५ आणि २५ मिलिमीटरवर, प्लेट जमिनीला आवळण्याचे १० मिलिमीटर व्यासाचे जुने भोक प्रत्येक प्लेटवर आहेच.

पूर्वी हे काम कसे झाले असते? ड्राफ्ट्समनने बोर्डवर ट्रेसिंग ताणून बसवले असते, टी-स्क्वेअर लावला असता आणि कंपासाने २४० वर्तुळे काढली असती. संगणकावर रेषा काढण्याची कल्पना प्रत्यक्षात आणून दाखविली ती इव्हान सदरलँड या तरुणाने, १९६३ साली, अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत. त्याच्या आज्ञावलीचे नाव होते स्केचपॅड. पुढे १९८२ साली ऑटोकॅड नावाची आज्ञावली आली आणि लहान संगणकावरही ड्रॉइंग काढता येऊ लागले. अशा आज्ञावलींना कॅड म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कॅडच्या फायलीत चित्र साठवलेले नसते, आकडे साठवलेले असतात. वर्तुळ म्हणजे केंद्राचे दोन आकडे आणि त्रिज्येचा एक. आपले भोक म्हणजे ४०, २५ आणि ३. बस्स, एवढेच. (व्यास ६, म्हणून त्रिज्या ३.)

हाताने काम करायचे तर फाइल उघडा, वर्तुळ काढा, साठवा, बंद करा. एकेका फायलीला तीन मिनिटे धरली तर २४० फायलींना ७२० मिनिटे, म्हणजे पुरे बारा तास. शिवाय साठावी फाइल येईपर्यंत मन कंटाळते आणि हात चुकू लागतो. म्हणून असे काम संगणकाकडेच गठ्ठ्याने सोपवतात. याला बॅच म्हणतात. शब्द जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या अशा संगणकांपुढे आजच्यासारखे बसून काम करता येत नसे. आपली आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायची, कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत!

आपला गठ्ठा कार्डांचा नाही. ऑटोकॅडला स्क्रिप्ट नावाची एक साधी मजकुराची फाइल देता येते. आपण जे कळफलकावर टंकले असते तेच तिच्यात ओळीने लिहायचे: अमुक फाइल उघड, वर्तुळ, ४०,२५, ३, साठव, बंद कर. पुन्हा पुढची फाइल. अशा २४० वेळा. वीस-पंचवीस मिनिटांचे काम.

मूळ फायलींना हात न लावता तुम्ही त्यांच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये घेता. हे फार चांगले केले. स्क्रिप्ट सुरू करता, आणि पहिल्याच फायलीनंतर गाडी घसरते.

कारण पाहा. स्क्रिप्टमध्ये मोकळी जागा म्हणजे एंटरची कळ, आणि रिकामी ओळ म्हणजेही एंटर. आज्ञा संपल्यावर नुसते एंटर दाबले तर ऑटोकॅड मागचीच आज्ञा पुन्हा सुरू करते. तुम्ही वाचायला सोपे जावे म्हणून वर्तुळाच्या ओळीखाली एक ओळ रिकामी सोडलीत. यंत्राने ती रिकामी ओळ इमानेइतबारे वाचली, दुसरे वर्तुळ सुरू केले आणि केंद्र विचारले. उत्तरादाखल त्याला मिळाला "साठव" हा शब्द! रिकामी ओळ काढून टाकली की गाडी रुळावर येते, ती थेट अठ्ठावन्नाव्या फायलीपर्यंत जाते आणि पुन्हा थांबते. त्या फायलीच्या नावात मधे मोकळी जागा आहे, म्हणून यंत्राने अर्धेच नाव वाचले. नाव अवतरणचिन्हांत घातले की तोही प्रश्न मिटतो.

अशा चुकांचा राग येतो खरा; पण मला विचाराल तर या चुका सज्जन आहेत. त्या ओरडतात, काम अडवतात आणि जागा दाखवून देतात.

आता आजीप्रमाणे तुम्ही नमुना पाहता. एक ते पाच क्रमांकाच्या फायली स्क्रिप्टमधून काढून उघडता. पाचही ठिकाणी भोक जेथे हवे तेथेच आहे. मग सगळ्या २४० फायली भराभर निघतात. यंत्र कोठेही अडत नाही, कसलीही तक्रार करीत नाही. काम झाले?

येथेच थांबून विचार करा. आजीची एक चकली सगळ्या घाण्याच्या वतीने साक्ष देऊ शकते, कारण सगळ्या चकल्या एकाच पिठाच्या आहेत. आपल्या २४० फायली एका पिठाच्या आहेत काय? त्या अनेक वर्षांत, अनेकांनी, वेगवेगळ्या संगणकांवर काढल्या. त्यातून मामांनी क्रमांक दिले आहेत लहान प्लेटेपासून मोठ्या प्लेटेपर्यंत. पहिल्या पाच म्हणजे सगळ्यांत लहान पाच. तुम्ही परातीच्या एकाच कडेचे पीठ पाहिलेत!

म्हणून ताळा हवा. गणितात गुणाकाराचा ताळा आपण पुन्हा तोच गुणाकार करून पाहत नाही, वेगळ्या वाटेने पाहतो. येथेही तसेच. कॅडची ड्रॉइंगे डीएक्सएफ नावाच्या प्रकारातही साठवता येतात. हा प्रकार साध्या मजकुराचा आहे, कोणालाही उघडून वाचता येईल असा. त्यात प्रत्येक वर्तुळापाशी खुणेचे अंक असतात: १० या खुणेखाली केंद्राचा आडवा आकडा, २० खाली उभा, ४० खाली त्रिज्या. एक छोटीशी आज्ञावली लिहून सगळ्या २४० फायलींतले हे आकडे एका यादीत उतरवता येतात.

तुम्ही यादी करता, आणि पोटात गोळा येतो. २१० फायलींत ४०, २५, ३ आहे. उरलेल्या ३० फायलींत आहे २५, २५, ३.

या तीस प्लेटांवर नवे भोक जुन्या भोकाच्या बरोबर मध्यावर जाऊन बसले आहे. कागदावर एकात एक दोन वर्तुळे दिसतात. आणि यातली खरी भीती पुढे आहे. एकात एक दोन वर्तुळे कारागिराला चुकीची वाटत नाहीत, ओळखीची वाटतात! आत लहान भोक पाडून वरून ते मोठे करण्याची रीत असतेच. तो सहा मिलिमीटरचे भोक आरपार पाडील, वरून दहाचा खळगा करील आणि प्लेट पुढे धाडील. जमिनीला आवळण्याचा बोल्ट आत जाणार नाही, आणि अर्थिंगच्या बोल्टला तर जागाच नसेल.

ड्रॉइंगमधली चूक कागदावर मुकी राहते आणि लोखंडावर बोलू लागते. एअरबस ए-३८० या प्रचंड विमानाच्या बाबतीत हे साऱ्या जगाने पाहिले. हँबर्ग येथे विमानाच्या भागांत तारांचे जुडगे बसविले जात आणि ते भाग फ्रान्समध्ये तुलूझला जोडले जात. २००६ साली असे उघडकीस आले की जोडणीच्या वेळी तारा नीट पोहोचतच नाहीत. दोन गावी एकाच कॅड आज्ञावलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या जात होत्या, हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. विमाने गिऱ्हाइकांच्या हाती पडायला सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला.

आपले नुकसान अजून काहीच झालेले नाही, कारण आपण प्रतींवर काम करतो आहोत. तेव्हा आता गुन्हेगार शोधू या.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: बिघडलेली एक फाइल घ्या, नवी प्रत उघडा आणि तीच आज्ञा स्वतःच्या हाताने टंका. वर्तुळ, ४०,२५, ३. गंमत अशी की भोक अगदी बरोबर जागी पडते! तीच फाइल, तीच आज्ञा, तेच आकडे. हाताने टंकले की बरोबर, स्क्रिप्टमधून दिले की चूक. येथे भलेभले डोक्याला हात लावतात.

मग यादीकडे पुन्हा पाहा. चुकलेल्या फायली कोणत्या? जवळजवळ सगळ्या एक मीटरपेक्षा लांब प्लेटांच्या. अशा प्लेटा एकूण ३० आहेत आणि त्यांतल्या २९ चुकल्या आहेत. म्हणजे मोठी प्लेट असली की चूक होते, असा नियम मांडता येईल. पण थांबा. एक मोठी प्लेट सुटली आहे आणि एक पाटाएवढी प्लेट सापडली आहे. नियमाला दोन अपवाद. पुष्कळ जण येथे म्हणतील की तीसपैकी एकोणतीस जुळतात, अपवाद सोडून द्या. शोध लावणाऱ्याने मात्र अपवादालाच आधी गाठावे.

त्या दोन फायली उघडून शेजारी शेजारी ठेवा. मोठ्या प्लेटची फाइल उघडताच पडद्यावर सबंध प्लेट दिसतच नाही, फक्त तिचा डावा कोपरा मोठा करून दाखविलेला दिसतो. लहान प्लेटची फाइल उघडताच ती प्लेट विस्तीर्ण पडद्याच्या मध्यभागी टिकलीएवढी दिसते. कोणीतरी शेवटी काम करताना दृश्य तसेच ठेवून फाइल साठविली होती. आणि ऑटोकॅड फाइल उघडते ती शेवटच्या दृश्यासकट.

म्हणजे प्रश्न प्लेटच्या लांबीचा नाही. पडद्यावर ती किती लहान दिसते, याचा आहे. पण वर्तुळाच्या केंद्राचे आकडे आपण दिले असताना दृश्याचा संबंध येतोच कोठे?

संबंध येतो तो ओस्नॅपमुळे. माउसने ड्रॉइंग काढताना हात नेमका बिंदूवर पडत नाही. म्हणून कॅडमध्ये अशी सोय असते की बाण एखाद्या रेषेच्या टोकाजवळ किंवा वर्तुळाजवळ नेला की तो आपोआप त्या टोकाला किंवा वर्तुळाच्या केंद्राला जाऊन चिकटतो, लोहचुंबकाजवळ टाचणी जाते तसा. "जवळ" म्हणजे किती? तर ते मिलिमीटरमध्ये ठरत नाही, पडद्यावरच्या ठिपक्यांमध्ये ठरते. समजा, हे अंतर दहा ठिपक्यांचे आहे आणि पडद्याच्या रुंदीत प्लेट हजार ठिपक्यांत मावली आहे. तीनशे मिलिमीटरच्या प्लेटवर एक ठिपका म्हणजे ०.३ मिलिमीटर, चुंबकाचा पल्ला ३ मिलिमीटर. दोन हजार मिलिमीटरच्या प्लेटवर एक ठिपका म्हणजे २ मिलिमीटर. पल्ला २० मिलिमीटर. आता जुन्या भोकाची कड आपल्या बिंदूपासून किती दूर आहे ते पाहा. केंद्रे १५ मिलिमीटर अंतरावर, जुन्या भोकाची त्रिज्या ५. म्हणजे कड १० मिलिमीटरवर. लहान प्लेटवर चुंबक तेथवर पोहोचत नाही, मोठ्या प्लेटवर सहज पोहोचतो. दोन्ही गोष्टी बरोबर होतात ते एक हजार मिलिमीटरच्या प्लेटशी, आणि आपली बिघाडाची सीमाही तीच होती.

मग हाताने टंकल्यावर असे का होत नाही? ऑटोकॅडमध्ये ओस्नॅपकोऑर्ड नावाची एक मांडणी आहे. तिची किंमत ०, १ किंवा २ असू शकते. शून्य असेल तर चुंबक टंकलेल्या आकड्यांनाही ओढतो. एक असेल तर टंकलेले आकडे श्रेष्ठ ठरतात. दोन असेल तर टंकलेले आकडे श्रेष्ठ, स्क्रिप्ट सोडून! आणि आज्ञावली आपल्या हाती येते तेव्हा ही किंमत दोनच असते. हाताने केलेली चाचणी बरोबर आली ती यामुळे. यंत्राची परीक्षा घ्यायची तर यंत्र ज्या वाटेने काम करते त्याच वाटेने घेतली पाहिजे. हाताने करून पाहणे ही त्या कामाची परीक्षा होते, स्क्रिप्टची नव्हे.

कारण सापडले असे वाटले तरी लगेच नाचू नका. गुन्हा आपल्या इच्छेने पुन्हा घडवून दाखविता आला तरच तो उलगडला. सुटलेली ती मोठी प्लेट घ्या, सबंध पडद्यात मावेल अशी लहान करून साठवा आणि स्क्रिप्ट चालवा. भोक चुकले पाहिजे. चुकते. आता ओस्नॅप बंद करा, बाकी काही बदलू नका, नव्या प्रतीवर पुन्हा चालवा. बरोबर येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही.

मग स्क्रिप्टच्या आरंभी ओस्नॅप बंद करणारी एक ओळ येते, आणि शेवटी तो होता तसा करणारी दुसरी. कारण उद्या सकाळी मामांचा ड्राफ्ट्समन त्याच संगणकावर बसणार आहे. सगळ्या २४० फायलींच्या प्रती पुन्हा नव्याने घ्यायच्या. बिघडलेल्या प्रतींवरच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालविली तर २१० फायलींत एकाच जागी दोन वर्तुळे पडतील, आणि एकावर एक पडलेली वर्तुळे डोळ्यांना एकच दिसतात. यादीत ३ त्रिज्येचे वर्तुळ प्रत्येक फायलीत नेमके एकदा आले आहे ना, हेही मोजून घ्यायचे.

मघाशी पहिल्या पाच फायलींऐवजी कोणत्याही पाच फायली चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या तर? २४० पैकी ३० चुकलेल्या. एक फाइल बरोबर निघण्याची शक्यता सात अष्टमांश. पाचही बरोबर निघण्याची शक्यता सुमारे ५१ टक्के. म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक वेळा आपण फसलोच असतो. त्यापेक्षा सगळ्यांत लहान, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जुनी, बाहेरून आलेली आणि ज्या फायलीत कोणीतरी मधेच काम सोडून दिले आहे अशी, या पाच निवडल्या असत्या तर चूक लपली नसती.

नवी यादी येते. २४० पैकी २४० ठिकाणी ४०, २५, ३. तुम्ही ऐटीत मामांना बोलावता. मामा यादी बाजूला ठेवतात आणि एकामागून एक ड्रॉइंग पडद्यावर पाहू लागतात. एका ठिकाणी थबकतात. "मामा, काय झालं?" तुम्ही विचारता. ते बोट दाखवतात. प्लेट एका कोपऱ्यात लहानशी दिसते आहे आणि तिच्या बाहेर, हवेत, एक भले मोठे वर्तुळ तरंगते आहे!

ते ड्रॉइंग इंचांत काढलेले होते. परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेले. प्लेट २४ इंच लांब, आणि यंत्राने भोक पाडले ४० इंचांवर, सहा इंच व्यासाचे. फायलीत आकडे तर ४०, २५, ३ असेच आहेत, म्हणून ताळाही फसला. अशा दोन फायली निघतात.

तेव्हा ताळाच सुधारायला हवा. नव्या भोकाचे कोपऱ्यापासूनचे अंतर मोजण्याऐवजी त्याचे जुन्या भोकाशी असलेले नाते मोजू या. दोन केंद्रांतील अंतर १५, जुन्या भोकाची त्रिज्या ५; गुणोत्तर ३. नव्या आणि जुन्या त्रिज्यांचे गुणोत्तर ०.६. गुणोत्तराला इंच-मिलिमीटर कळत नाहीत, म्हणून हा ताळा दोन्ही प्रकारच्या ड्रॉइंगला सारखाच लागू पडतो. इंचांच्या त्या दोन फायली मात्र हाताने दुरुस्त कराव्यात हे बरे. दोन फायलींसाठी स्क्रिप्टमध्ये नवे फाटे फोडले तर त्या फाट्यांचीही परीक्षा घेत बसावे लागेल.

आता सगळे जुळले. मामा दहा ड्रॉइंगे कागदावर छापून कारखान्यात पाठवायला सांगतात. दहापैकी नऊ कागदांवर नवे भोक आहे. दहाव्या कागदावर ते नाहीच! पडद्यावर मात्र त्याच ड्रॉइंगमध्ये ते स्पष्ट दिसते आहे, आणि ताळाही बरोबर आहे.

कॅडचे ड्रॉइंग थरांचे असते, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे. नवे वर्तुळ पडते ते त्या क्षणी चालू असलेल्या थरावर, आणि कोणता थर चालू होता हेही फायलीबरोबर साठवले जाते. ऑटोकॅड मापे दाखविण्यासाठी डेफपॉइंट्स नावाचा एक थर स्वतःच तयार करते. त्यावर काढलेले पडद्यावर दिसते, पण कधीच छापले जात नाही. त्या दहाव्या फायलीवर शेवटचा हात फिरविणाऱ्याने नेमका तोच थर चालू ठेवला होता. आधीच्या तासाच्या बाईंनी फळा न पुसता जावे आणि पुढच्या सरांनी त्यावरच लिहू लागावे, तसे झाले.

स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ येते: वर्तुळ काढण्याआधी प्लेटच्या बाह्यरेषेचाच थर चालू कर. यादीत आणखी एक रकाना येतो, थराच्या नावाचा; डीएक्सएफमध्ये तो ८ या खुणेखाली सापडतो. पुन्हा २४० नव्या प्रती, पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे, पुन्हा यादी. या वेळी छापायला निवडलेल्या दहा ड्रॉइंगमध्ये एक लहान प्लेट आहे, एक मोठी, इंचांतली दोन, दृश्य विचित्र असलेल्या दोन आणि डेफपॉइंट्सवाली ती एक. मामा दहाही कागद फूटपट्टी लावून पाहतात, मोठ्या प्लेटचा कागद उचलतात आणि ड्रिलिंग मशीनकडे चालू लागतात.